पाळक आणि पत्त्यांची यादी

जेरी फॉलवेल यांचा रविवारचा कार्यक्रम किती लोक बघतात, या साध्या प्रश्नाला १९८० साली अमेरिकेत दोन उत्तरे मिळत होती आणि त्यांचा एकमेकांशी काडीचाही मेळ नव्हता. फॉलवेल यांच्या गोटातून अडीच कोटींचा आकडा सांगितला जाई. वर्तमानपत्रे तो छापत, वार्ताहर तो पुन्हा उच्चारत, आणि थोड्याच दिवसांत तो सर्वमान्य होऊन बसला. प्रेक्षकसंख्या मोजणे हाच जिचा धंदा, त्या आर्बिट्रॉन कंपनीच्या नोंदी वेगळेच सांगत होत्या: प्रेक्षक पंधरा लाखांच्याही आत. जेफ्री हॅडन आणि चार्ल्स स्वान यांनी १९८१ साली या नोंदी पुस्तकरूपाने पुढे आणल्या, तेव्हा एक गमतीची परिस्थिती उघड झाली. ज्या पाळकाला राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतल्या रोनाल्ड रेगन यांच्या विजयाचे श्रेय दिले जात होते, ज्याची धास्ती घालून त्याचे विरोधकही स्वतःसाठी देणग्या मागत होते, त्याचे श्रोते देशाच्या लोकसंख्येत शेकडा एकही भरत नव्हते. एवढ्या तोकड्या श्रोतृवर्गाच्या माणसाचा राजकारणावर ठसा उमटला कसा? ठसा खोटाच होता म्हणावे, तर पुढची चाळीस वर्षे तसे म्हणू देत नाहीत. माझ्या मते हे कोडे सुटते ते फॉलवेल यांच्या आवाजाकडे पाहणे सोडून त्यांच्या दप्तराकडे पाहिले म्हणजे. प्रक्षेपणाचा उपयोग त्यांनी लोकांची मते बदलण्यासाठी फारसा केला नाही. आपल्या मताची जी माणसे आधीपासूनच ठिकठिकाणी विखुरलेली होती, त्यांना हुडकून त्यांची नावे आणि पत्ते एका जागी आणण्यासाठी केला.

या गोष्टीची मुळे त्यांच्या घरातच सापडतात. व्हर्जिनिया राज्यातल्या लिंचबर्ग गावी ११ ऑगस्ट १९३३ ला जेरी आणि त्यांचा जुळा भाऊ जीन जन्मले. वडील केरी फॉलवेल धडपडे आणि बेडर व्यावसायिक. अनेक धंदे केले, दारूबंदीच्या काळात चोरट्या दारूतही हात घातला. १९३१ साली त्यांच्या हातून सख्खा भाऊ गोळी लागून मेला. स्वसंरक्षण मानून कायद्याने त्यांना सोडले, पण दारूने सोडले नाही, आणि १९४८ साली यकृताच्या विकाराने ते गेले. त्यांना देवाधर्माचे वावडे होते. आई हेलन मात्र भाविक. रविवारी सकाळी ती रेडिओवर चार्ल्स फुलर यांचा ‘ओल्ड फॅशन्ड रिव्हायव्हल अवर’ लावून ठेवी आणि अंथरुणात लोळणाऱ्या मुलांच्या कानांवर तो आपोआप पडे. फुलर कॅलिफोर्नियाहून बोलत. पैसे मोजून विकत घेतलेल्या वेळात त्यांचा कार्यक्रम देशभर जाई, आणि त्यात उपदेश आणि गाणी यांच्या जोडीला आणखी एक गोष्ट असे: त्यांच्या पत्नी ग्रेस श्रोत्यांची पत्रे वाचून दाखवत. कुठली तरी विधवा, कुठला तरी खलाशी, कुठला तरी आजारी शेतकरी आपली हकीकत लिहून पाठवी आणि ती सगळ्या देशाला ऐकू जाई. २० जानेवारी १९५२ ला, अभियांत्रिकीकडे जायचे मनात असलेल्या अठरा वर्षांच्या जेरीने लिंचबर्गच्या पार्क अॅव्हेन्यू बॅप्टिस्ट मंडळीत ख्रिस्ताचा स्वीकार केला. या धर्मांतराचे श्रेय ते पुढे आईच्या रेडिओला देत. उपदेश रेडिओवरून करता येतो हे तर सर्वांनाच ठाऊक होते. श्रोता उलटटपाली उत्तर देतो आणि त्या उत्तरावर सगळा डोलारा उभा राहतो, हे फुलर यांच्या कार्यक्रमात शिकण्यासारखे होते.

मिसूरी राज्यातल्या स्प्रिंगफील्डच्या बॅप्टिस्ट बायबल कॉलेजातून ते १९५६ साली बाहेर पडले. हे कॉलेज ज्या गटाचे, त्या बॅप्टिस्ट बायबल फेलोशिपची रीत समजून घेतली पाहिजे, कारण पुढच्या राजकारणात ती उपयोगी पडली. या गटात बिशप नाही, धर्मप्रांत नाही, वरून नेमणूक नाही. पदवी घेतलेल्या तरुणाने एखादे गाव गाठायचे, रिकामी जागा शोधायची आणि शून्यातून मंडळी उभी करायची. जमली तर ती त्याची, बुडाली तर तोटाही त्याचा. जून १९५६ मध्ये फॉलवेल यांनी लिंचबर्गमध्येच ३५ माणसांनिशी थॉमस रोड बॅप्टिस्ट चर्च सुरू केले. जागा मिळाली ती डोनाल्ड डक नावाच्या शीतपेयाच्या बंद पडलेल्या बाटलीभरण कारखान्याची. फरशीवर आणि भिंतींवर पेयाचा पाक वाळून घट्ट बसला होता. तो खरवडून, धुऊन मगच तिथे बाके मांडता आली. त्यानंतर या तरुण पाळकाने गावाचा नकाशा काढला, चर्च मध्ये ठेवून भोवती वर्तुळे आखली आणि दिवसाला शंभर दारे ठोठावायचा नेम केला. ज्या घरात कोणी आजारी किंवा अडचणीत असेल त्या घराची टिपणी ठेवायची, पुन्हा जायचे, पत्रक पाठवायचे. काही आठवड्यांतच स्थानिक रेडिओवर रोजचा अर्धा तास विकत घेतला आणि वर्ष सरायच्या आत स्थानिक दूरचित्रवाणीवर रविवारचा कार्यक्रमही सुरू केला. पहिल्या वर्धापनदिनाच्या उपासनेला ८६४ माणसे हजर होती. म्हणजे दारोदार हिंडून यादी करणे आधी आणि कॅमेरा नंतर, हा क्रम पहिल्या वर्षातच ठरून गेला.

एवढ्यावर फॉलवेल लिंचबर्गचे मोठे पाळक होऊन राहिले असते. त्यांना देशभर नेले ते वॉशिंग्टनमधल्या एका कोरड्या सरकारी निर्णयाने. अमेरिकेत रेडिओ आणि दूरचित्रवाणी केंद्रांना लोकहिताचे काही कार्यक्रम दाखवावे लागत, आणि धार्मिक कार्यक्रम त्यात मोडत. मोठी जाळी हा वेळ फुकट देत, पण देत कुणाला, तर प्रामुख्याने प्रस्थापित, सौम्य, शहरी प्रॉटेस्टंट पंथांना आणि कॅथलिकांना. कडव्या बायबलनिष्ठ उपदेशकांना तिथे दारात उभे केले जात नसे. म्हणून फुलर आणि त्यांच्यासारखे इतर पहिल्यापासून पैसे मोजून वेळ घ्यायला शिकले. १९६० साली केंद्रीय संचार आयोगाने ठरवले की विकलेला वेळही लोकहिताच्या खात्यात धरायला हरकत नाही. मग रविवारची सकाळ फुकट देण्याइतका कुठला केंद्रमालक उदार असणार? १९५९ साली धार्मिक कार्यक्रमांपैकी ५३ टक्के विकत घेतलेल्या वेळात होत. १९७७ साली हे प्रमाण ९२ टक्क्यांवर गेले. प्रस्थापित पंथांना पैसे मागायची सवय नव्हती. ते हळूहळू पडद्यावरून नाहीसे झाले. त्यांचे धर्मशास्त्र कमी पडले असे नव्हे, त्यांच्याकडे वसुलीची यंत्रणा नव्हती. अमेरिकेत पुराणमतवादी ख्रिस्ती आवाज एकाएकी कुठून वाढला, असा प्रश्न विचारणाऱ्यांनी देशाच्या आत्म्याचा शोध घेण्याआधी हा दरपत्रकातला बदल पाहावा, असे मला वाटते.

आता ही यंत्रणा चालायची कशी? फॉलवेल यांच्या ‘ओल्ड-टाइम गॉस्पेल अवर’ या कार्यक्रमात थॉमस रोड चर्चचीच उपासना दिसे: भव्य गायनवृंद, गडद सूटमधले धिप्पाड फॉलवेल, हातात बायबल, बोलणे संथ आणि घरगुती. अंगात आल्यासारखा आवेश नाही, चमत्काराने रोग बरे करणे नाही. अन्य भाषांत बरळणाऱ्या पेंटेकोस्टल मंडळींचा तर त्यांना तिटकाराच होता. मध्येच प्रेक्षकांना सांगितले जाई की पत्र लिहा, ‘जीझस फर्स्ट’ अशी अक्षरे असलेली छोटी पिन आम्ही फुकट पाठवू. कोटाच्या कॉलरला लावायची ती पिन काही पैशांची. पण ती मागण्यासाठी प्रेक्षकाला स्वतःचे नाव आणि पत्ता लिहावाच लागे. तो लिंचबर्गच्या संगणकात गेला की त्या घरी आभाराचे पत्र जाई, मग पुस्तिका, मग दरमहा ठराविक देणगीची विनंती. वाण्याला गिऱ्हाइकाची वही जशी पाठ असते तसे या संगणकाला माहीत असे की कोण केव्हा किती देतो आणि कोणत्या विषयावरच्या पत्राला उत्तर देतो. देणगीतून आणखी केंद्रांवर वेळ विकत घ्यायचा, तिथून आणखी पत्ते. १९८० च्या सुमारास कार्यक्रम तीनशेहून अधिक केंद्रांवर दिसत होता. पंधरा लाख ही प्रेक्षकसंख्या म्हणून क्षुल्लक आहे. नाव, पत्ता आणि देणगीचा इतिहास यांच्यासकट लाखो घरांची यादी मात्र त्या काळी कुठल्याही राजकीय पक्षाला हेवा वाटावा अशी गोष्ट होती.

ही वाढ निष्कलंक नव्हती. चर्चने भाविकांना कर्जरोखे विकून पैसा उभा केला होता, आणि १९७३ साली रोखे बाजाराच्या नियामक आयोगाने फसवणुकीचा दावा लावला. न्यायालयात हेतुपुरस्सर गैरप्रकाराचा ठपका टळला, पण चर्चचा जमाखर्च काही वर्षे गावातल्या व्यावसायिकांच्या मंडळाच्या देखरेखीखाली गेला. फॉलवेल यांना पैसा जपता येत नसे, पण पैसा गुंतवायचा कशात हे अचूक कळे. तो त्यांनी शाळांत गुंतवला. १९६७ साली लिंचबर्ग ख्रिश्चन अकॅडमी निघाली, १९७१ साली एल्मर टाउन्स यांच्या साथीने लिंचबर्ग बॅप्टिस्ट कॉलेज. तेच पुढे लिबर्टी विद्यापीठ झाले. अकॅडमीच्या जन्मवर्षाकडे मात्र डोळेझाक करता येत नाही. दक्षिणेत सरकारी शाळांतून काळ्या-गोऱ्या मुलांना एकत्र बसवायची सक्ती प्रत्यक्षात येऊ लागली तेव्हाच गोऱ्यांच्या खासगी ख्रिस्ती शाळांचे पीक आले, आणि स्थानिक वर्तमानपत्राने फॉलवेल यांच्या शाळेचे वर्णन गोऱ्या विद्यार्थ्यांची खासगी शाळा असेच केले होते. १९५८ साली त्यांनी व्यासपीठावरून सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या शाळा-एकत्रीकरणाच्या निकालावर टीका केली होती. पुढे त्यांनी वंशभेदाची भूमिका सोडली, शाळेचे आणि चर्चचे दार काळ्यांना उघडले. पण ती भूमिका कधी नव्हतीच असे म्हणण्याला जागा नाही.

राजकारणाबद्दल तर त्यांचे जुने मत अगदी उलट होते. २१ मार्च १९६५ ला, ज्या दिवशी मार्टिन ल्यूथर किंग यांचा मोर्चा सेल्माहून माँटगोमेरीकडे निघाला त्याच रविवारी, फॉलवेल यांनी थॉमस रोडमध्ये उपदेश केला. मथितार्थ असा, की पाळकाचे काम आत्म्यांचे तारण, मोर्चे आणि कायदे त्याचा प्रांत नव्हे. पंधरा वर्षांनी त्यांनी हाच उपदेश खोटी भविष्यवाणी ठरवून मागे घेतला. मधल्या काळात घडले तरी काय? स्वतः फॉलवेल सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ च्या गर्भपाताच्या निकालाकडे बोट दाखवत. कालगणना त्यांना पुरती साथ देत नाही. दक्षिणेतल्या बॅप्टिस्टांच्या महासभेने १९७१ साली काही परिस्थितींत गर्भपाताला कायद्याने मुभा असावी असा ठराव केला होता, आणि फॉलवेल यांनी या विषयावर पहिला उपदेश केला तो १९७८ साली, निकालानंतर पाच वर्षांनी. त्याच वर्षी करखात्याचे आयुक्त जेरोम कुर्ट्झ यांनी प्रस्ताव मांडला की ज्या खासगी शाळा वंशभेद करत नसल्याचे दाखवून देणार नाहीत त्यांची करसवलत काढावी. त्याआधी १९७६ साली आंतरवंशीय प्रेमसंबंधांना बंदी घालणाऱ्या बॉब जोन्स विद्यापीठाची सवलत गेलीच होती. प्रस्तावाविरुद्ध लाखाहून अधिक पत्रे सरकारदरबारी येऊन पडली. इतिहासकार रँडल बाल्मर इथेच ख्रिस्ती उजव्या चळवळीचा जन्म मानतात. त्यावर डॅनियल विल्यम्स यांच्यासारख्या अभ्यासकांचा आक्षेप असा, की या मंडळींचा रिपब्लिकन पक्षाकडचा कल खूप जुना आहे आणि एका करनियमाने चळवळ उभी राहत नसते. आक्षेप रास्त आहे. समलिंगी हक्क, शाळांतली प्रार्थना, स्त्रियांच्या समान हक्कांची घटनादुरुस्ती, हे सगळे मनात साचत होतेच. पण साचलेल्या रागाला संघटनेचे रूप केव्हा आले, हा प्रश्न वेगळा. राग १९६२ पासून होता, जेव्हा न्यायालयाने शाळेतली सरकारी प्रार्थना बंद केली. पाळक पेटून उठले ते स्वतः बांधलेल्या शाळांच्या खात्यावर सरकारचा हात पडू लागला तेव्हा. गमावण्यासारखे काही हाताशी असले की माणूस राजकारणात उतरतो, हे पाळकांनाही लागू आहे.

वॉशिंग्टनमध्ये या क्षणाची वाट पाहणारे लोक होते. पॉल वेरिक हे कॅथलिक, हॉवर्ड फिलिप्स हे ज्यू कुटुंबातले, आणि टपालाने देणग्या जमवण्यात हातखंडा असलेले रिचर्ड व्हिगरी. व्हिगरी यांची ख्यातीच यादीवरून झालेली. १९६४ साली रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरल्यावर त्यांना देणगी देणाऱ्यांची नावे सरकारी दप्तरात जनतेला पाहायला ठेवलेली होती. ती हाताने उतरवून घेत सुमारे साडेबारा हजार नावांचे भांडवल त्यांनी जमवले होते. या मंडळींना मतदारवर्ग दिसत होता, पण त्याच्या दारापर्यंत जायची वाट नव्हती. फॉलवेल यांच्याकडे ती होती. १९७९ च्या उन्हाळ्यात मॉरल मेजॉरिटी ही संघटना निघाली. नाव वेरिक यांच्या बोलण्यातून आलेले. चर्चला प्रचार करायची कायद्याने मनाई, म्हणून संघटना कागदोपत्री वेगळी. गर्भपातविरोधी कॅथलिक, मॉर्मन, पुराणमतवादी ज्यू सगळ्यांना तिचे दार मोकळे होते, त्यामुळे बॉब जोन्स विद्यापीठाच्या धुरिणांनी फॉलवेल यांच्यावर धर्मभ्रष्टतेचा शिक्का मारला. राज्याराज्यांतल्या शाखा मात्र कोण चालवत होते ते पाहिले की खरी वीण दिसते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट लीबमन यांनी तपासले तेव्हा शाखाप्रमुखांत बॅप्टिस्ट बायबल फेलोशिपच्या पाळकांचा भरणा निघाला, स्प्रिंगफील्डच्या रीतीने आपापले गाव शून्यातून उभे केलेले लोक. सभा भरवणे, बस ठरवणे, फोन लावणे, शाळा चालवणे यांत ते मुरलेले होते. शिवाय वरून आज्ञेची वाट पाहायची त्यांना सवय नव्हती. पडद्यामुळे त्यांना फॉलवेल यांचा चेहरा मिळाला, हातपाय त्यांचे स्वतःचे होते.

इथे सर्वात वजनदार आक्षेप येतो. सीमोर मार्टिन लिप्सेट आणि अर्ल राब यांनी १९८१ च्या आरंभी मतांचे विश्लेषण करून दाखवले की १९८० मध्ये इव्हँजेलिकल, म्हणजे फॉलवेल यांच्यासारख्या बायबलनिष्ठ पंथांतले, मतदार रेगन यांच्याकडे वळले ते बाकीच्या गोऱ्या मतदारांइतकेच. महागाई, इराणमधले ओलीस आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांची थकलेली प्रतिमा यांनी सारा देशच फिरवला होता. रेगन यांनी ४४ राज्ये जिंकली. इतक्या मोठ्या लाटेत एका पाळकाच्या ओंजळीची किंमत ती काय? हे मला मान्य आहे, आणि ज्यांनी फॉलवेल यांना राष्ट्राध्यक्ष घडवणारा म्हटले त्यांनी त्यांचीच जाहिरात केली. पण प्रभावाचे माप निवडणुकीच्या निकालात शोधणे चुकीचे आहे. सार्वत्रिक निवडणुकीत लाखाला किंमत नसते, पक्षांतर्गत सभेत शंभराला असते. अलास्कात १९८० साली मॉरल मेजॉरिटीच्या माणसांनी रिपब्लिकन पक्षाचे राज्य अधिवेशन ताब्यात घेतले ते केवळ वेळेवर आणि एकगठ्ठा हजर राहून. त्याच वर्षी पक्षाच्या राष्ट्रीय जाहीरनाम्यातून स्त्री-समानतेच्या घटनादुरुस्तीचा पाठिंबा गेला, जो १९४० पासून होता, आणि गर्भपातबंदीच्या घटनादुरुस्तीचा पाठिंबा आला. हे एकट्या फॉलवेल यांचे काम नव्हे, त्या घटनादुरुस्तीविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या फिलिस श्लाफ्ली यांचा वाटा त्यात मोठा. तरी दिशा स्पष्ट आहे. त्या ऑगस्टमध्ये डॅलसच्या मेळाव्यात रेगन हजारो पाळकांना म्हणाले की तुम्हाला मला पाठिंबा जाहीर करता येत नाही हे मी जाणतो, पण माझा तुम्हाला पाठिंबा आहे. उमेदवाराला खोलीत बसलेले हजारो पाळक म्हणजे हजारो मंडळ्यांच्या सभासदनोंदी दिसत होत्या.

सत्तेत बसल्यावर या मंडळींच्या पदरात काय पडले? थोडक्यात सांगायचे तर फार थोडे. १९८१ साली रेगन यांनी सर्वोच्च न्यायालयावर सँड्रा डे ओ’कॉनर यांना नेमले. गर्भपातविरोधकांनी ओरड केली, गोल्डवॉटर यांनी प्रत्येक भल्या ख्रिस्ती माणसाने फॉलवेलच्या ढुंगणावर लाथ घालावी असे जाहीरपणे म्हटले, आणि सेनेटने ओ’कॉनर यांना ९९ विरुद्ध शून्य मतांनी मान्यता दिली. शाळांतल्या प्रार्थनेची घटनादुरुस्ती १९८४ मध्ये ५६ विरुद्ध ४४ अशी अडली, कारण दोन तृतीयांश मते लागत होती. ज्या करसवलतीवरून सगळे सुरू झाले तिचा निकाल १९८३ साली आठ विरुद्ध एक असा बॉब जोन्स विद्यापीठाच्या विरोधात लागला. हसलर मासिकाच्या विडंबनाविरुद्धचा फॉलवेल यांचा स्वतःचा खटलाही १९८८ मध्ये एकमताने फेटाळला गेला, आणि त्यांच्या नावाने अमेरिकेत व्यंगचित्रकारांना अधिक मोकळीक मिळाली! कायदे घडवण्यात इतके अपयश आलेल्या नेत्याला प्रभावशाली म्हणणे विचित्र वाटेल. पण याद्या, शाळा आणि नोंदवलेले मतदार एका कार्यकाळात संपत नाहीत.

दुसरा आक्षेप आवाजाचा. यादीच सर्वस्व होती, तर त्यांच्या एकेका वाक्याने जग पेटायचे ते कसे? ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर दोनच दिवसांनी दूरचित्रवाणीवरचे दुसरे उपदेशक पॅट रॉबर्टसन यांच्या कार्यक्रमात त्यांनी स्त्रीवादी, समलिंगी आणि गर्भपाताचे समर्थक यांच्या माथी त्या संहाराचा दोष मारला आणि मग माफी मागितली. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २००२ मध्ये, सीबीएस वाहिनीच्या मुलाखतीत त्यांनी पैगंबरांबद्दल अवमानकारक उद्गार काढले. त्याची झळ थेट महाराष्ट्राला लागली. निषेधासाठी सोलापुरात बंद पुकारला गेला, त्यातून हिंदू-मुसलमानांत दंगल उसळली, माणसे मेली, शहरात संचारबंदी लागली. त्यानंतर फॉलवेल यांनी दिलगिरी व्यक्त केली. लिंचबर्गच्या पाळकाचा कार्यक्रम सोलापुरात कोणी पाहत नव्हते, हे उघड आहे. त्यांचे उद्गार तिथे पोहोचले ते वृत्तसंस्थांच्या तारांवरून, आणि वृत्तसंस्थांनी ते उचलले ते या माणसाच्या पाठीशी कोट्यवधी अमेरिकन आहेत या वीस वर्षे मुरलेल्या समजुतीपोटी. अडीच कोटींचा तो फुगवलेला आकडा असा कामाला येत राहिला. स्वतःच्या प्रक्षेपणातून त्यांनी यादी कमावली आणि दुसऱ्यांच्या प्रक्षेपणातून कुप्रसिद्धी. या दोन शक्तींची गल्लत केली की फॉलवेल यांचे मोजमाप हमखास चुकते. कुप्रसिद्धीने त्यांना पक्षातली एकही जागा मिळवून दिली नाही. उलट १९८५ साली दक्षिण आफ्रिकेतून परतून तिथल्या वर्णभेदाविरुद्ध लढणारे बिशप डेस्मंड टुटू यांना ढोंगी म्हटले, तेव्हा संघटनेची पतच घसरली.

यादीवर उभ्या राहिलेल्या कामाची नाजूक बाजू १९८७ मध्ये दिसली. जिम बेकर यांच्या पीटीएल या दूरचित्रवाणी-धर्मसंस्थेत लैंगिक आणि आर्थिक भानगडी बाहेर आल्या आणि फॉलवेल यांनी ती संस्था सावरायला हातात घेतली. देणग्यांचे लक्ष्य गाठल्याबद्दल ते सूट-टाय घालून तिथल्या जलक्रीडा उद्यानाच्या उंच घसरगुंडीवरून खाली आले. ते छायाचित्र जगभर छापले गेले. काही महिन्यांतच ते बाहेर पडले, पण झालेले नुकसान भरून निघाले नाही. दूरचित्रवाणीवरचा पाळक म्हटला की लोक पाकीट सावरू लागले आणि लिंचबर्गची टपालाची पोती हलकी झाली. १९८९ साली मॉरल मेजॉरिटी बंद झाली. कार्य पूर्ण झाले, असे कारण त्यांनी दिले. कार्य पूर्ण झालेली संघटना सहसा इतकी कर्जात नसते. १९९३ मध्ये करखात्याशी झालेल्या तडजोडीत ‘ओल्ड-टाइम गॉस्पेल अवर’ची १९८६ आणि १९८७ या वर्षांची करसवलत मागाहून रद्द झाली आणि ५० हजार डॉलर भरावे लागले, कारण धर्मकार्याचा पैसा राजकीय कामाकडे वळवला गेला होता. उपासनेची यादी आणि मतांची यादी यांच्यातली भिंत कागदाचीच होती, यावर सरकारी शिक्का बसला तो असा.

मग हा माणूस नुसता हिशेबी होता का? तसे म्हणणेही अन्यायाचे होईल. लिंचबर्गमध्ये त्यांनी १९५९ पासून दारुड्यांसाठी आश्रम चालवला, दारूने गेलेल्या बापाचे ओझे त्यामागे असावे. अविवाहित गर्भवतींसाठी निवासही काढला. त्यांचे श्रोते भाबडे होते, फसवले गेले, ही शहरी विद्वानांची आवडती टीका मला पटत नाही. ते लोक काय देतो आणि कशासाठी देतो हे ओळखून होते. त्यांना वर्तमानपत्रे, विद्यापीठे आणि न्यायालये आपली वाटत नव्हती, आणि फॉलवेल यांनी त्यांना स्वतःच्या मालकीची शाळा, विद्यापीठ आणि पक्षातली बाके मिळवून दिली. दोष द्यायचा तर तो वेगळ्या गोष्टीला द्यावा लागेल. देणगी मागणाऱ्या पत्राला शत्रू लागतो. दरमहा पत्र जायचे तर दरमहा नवे संकट दाखवावे लागते. समलिंगी, स्त्रीवादी, मानवतावादी यांची जी भीती फॉलवेल यांच्या टपालातून वाटली गेली, तिच्यात श्रद्धेइतकाच छापखान्याच्या वेळापत्रकाचा हात होता, आणि त्या वेळापत्रकाला शांत महिना परवडत नव्हता.

विद्यापीठ मात्र टिकले आणि फॉलवेल यांच्या प्रभावाची खरी परीक्षा तिथे पाहायला मिळते. फेब्रुवारी २००० मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी झगडणाऱ्या जॉन मकेन यांनी व्हर्जिनियातच भाषण करून फॉलवेल आणि रॉबर्टसन यांना असहिष्णुतेचे दलाल म्हटले, आणि ती उमेदवारी ते हरले. पुन्हा उभे राहायचे ठरल्यावर मे २००६ मध्ये हेच मकेन लिबर्टीच्या पदवीदान समारंभात भाषण करायला गेले. १५ मे २००७ ला फॉलवेल आपल्या विद्यापीठातल्या कार्यालयात कोसळले आणि वयाच्या ७३ व्या वर्षी वारले. त्यांच्या विम्याच्या रकमेतून लिबर्टीचे कर्ज फिटले, आणि ऑनलाइन शिक्षणाने विद्यार्थीसंख्या लाखाच्या पुढे गेली. वारसा दोन मुलांत विभागला गेला. धाकटे जोनाथन थॉमस रोडचे पाळक झाले, म्हणजे व्यासपीठ आणि आवाज त्यांच्याकडे आले. थोरले जेरी ज्युनियर वकील, पाळक कधीच नव्हते. त्यांच्याकडे विद्यापीठ आले. राष्ट्राध्यक्षपदाचे इच्छुक यांपैकी कोणाच्या दारी गेले हे नोंदवलेले आहे. टेड क्रूझ यांनी मार्च २०१५ मध्ये उमेदवारी जाहीर केली ती लिबर्टीच्या सभागृहातून. डोनाल्ड ट्रम्प जानेवारी २०१६ मध्ये तिथेच बोलले आणि आठवडाभराने जेरी ज्युनियर यांनी त्यांना पाठिंबा दिला. दोनदा घटस्फोट घेतलेल्या, जुगारगृहे चालवलेल्या उमेदवाराला धार्मिक मतदारांत प्रतिष्ठा मिळवून देण्यात जे पुढे होते, त्यांत उपदेश न करणारा हा वकील होता, आणि नोव्हेंबरात गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी दहांतल्या सुमारे आठांनी ट्रम्प यांना मत दिले. ऑगस्ट २०२० मध्ये खासगी वर्तनाच्या वादातून जेरी ज्युनियर यांना पद सोडावे लागले. २०२३ साली विश्वस्तांनी कुलपतिपद जोनाथन यांना दिले, आणि थॉमस रोडचे व्यासपीठ व लिबर्टीतले हे पद पुन्हा एकाच फॉलवेलच्या हाती आले.